ताटावर आडवा हात

श्रावण अमावास्या, पोळा. दुपारचं जेवण. हजर : प्राचार्य सर, संस्थेच्या विश्वस्तांच्या पत्नी (त्यांना सगळे काकी म्हणतात), मुलींच्या वसतिगृह समितीची विद्यार्थिनी सचिव, मेसच्या दोन मावश्या, पंगतीत बसलेल्या सगळ्या मुली. आणि मी, रेक्टर.

पुरणपोळ्यांची परात माझ्या हातात होती. काकी उठल्या. परातीची दुसरी कड धरली.

"बाई, ठेवा खाली. सणाचं अन्न हाय. तुमी आपली हजेरी बघा."

आवाज चढलेला नव्हता. मायेचाच होता.

आमच्या कृषी महाविद्यालयात पोळ्याला शेतावरचे बैल सजवतात, मग पंगत बसते आणि प्रत्येकीच्या ताटात पहिली पोळी रेक्टर वाढते. माझ्या आधीच्या बाईंनी वाढली, त्यांच्या आधीच्यांनीही. त्यांचा हात कुणी धरला नाही. मी बौद्ध आहे. शेवगावकडच्या एका खेड्यातली. तिथं आम्हाला अजून जुन्या नावानंच ओळखतात. इथं मी जूनपासून आहे. इथलं त्या दिवशी कळलं.

सचिव पुढं आली. "मॅडम, द्या ना माझ्याकडं. पाहुण्यांसमोर वाद नको."

ही पोरगी जुलैत तापानं फणफणली होती. घरचे येईपर्यंत पेज मीच करून भरवली. तेव्हा चाललं. तापात चालतं. सणाला नाही.

प्राचार्य मोबाईल बघत होते.

आई सांगायची, काम चोख ठेव, मग कुणी बोट ठेवत नाही. मी आयुष्यभर तेच केलं. नळ गळला तर त्याच दिवशी दुरुस्त. दिवा गेला तर संध्याकाळच्या आत नवा. आणि आता ती परात काकींच्या नि माझ्या मध्ये. माझ्या कामात त्यांना काहीच खोट सापडली नव्हती. बोट माझ्या हातावर होतं.

मी परात ओढून घेतली. म्हणाले, "पोळी मीच वाढणार. जिला नको असेल तिनं ताटावर हात आडवा धरावा. पंगतीत नको म्हणायची तीच रीत आहे."

सचिव मागं सरून पहिल्या ओळीच्या टोकाला बसली.

पहिलीनं हात आडवा धरला. तिच्याकडं बघून दुसरीनं. मग ओळच. मेंदीचा हात, शाईचा हात, शेतावर तण काढून चिरलेला हात. सगळे माझ्या ओळखीचे. मी वाकायची, थांबायची, पुढं सरकायची. भरल्या घरात इतकी एकटी मी कधी नव्हते. सचिवनंही हात धरला. मान वर केली नाही.

दुसऱ्या ओळीत अकोल्याची एक मुलगी. तिनं ताट पुढं सारलं.

"मॅडम, मला दोन वाढा. हिची बी माझ्याच ताटात टाका. हिला एकदम उपास लागलाय."

कुणीतरी फिसकन हसलं. शेजारणीनं हात काढला. "गप ए! माझी पोळी तुला कशाला?"

मग आणखी काहींनी काढले. काहींनी नाही. मी दोन्ही बघितलं.

ओळ संपली तसे प्राचार्य उठले. "रेक्टर मॅडम, बास. पुढचं मावश्या वाढतील. तुम्ही खोलीवर जा." परात माझ्या हातातून काढून घेतली. तिसरी ओळ रिकाम्या ताटांपुढं तशीच बसून होती.

माझी खोली फाटकाजवळ. रोज संध्याकाळी सुई, इस्त्री, डोकेदुखीची गोळी, कशासाठी तरी पोरी यायच्या. त्या दिवशी कुणी आलं नाही. अकोल्याचीही नाही. तिला दोष देत नाही. तिला याच वसतिगृहात डिग्री पुरी करायची आहे. मी दार उघडंच ठेवलं.

सकाळी प्राचार्यांनी बोलावलं. "काकींना एकदा सॉरी म्हणा. विषय संपला."

"नाही म्हणणार."

"नोकरी प्यारी नाही का?"

"आहे, सर. रेक्टरनं वाढायचं, हे या नोकरीतच येतं."

त्यांना राजीनामा हवा आहे. तो मिळणार नाही. मला काढायचं तर त्यांनी कारण लेखी द्यावं, आणि त्या कारणाखाली स्वतः सही करावी.

तिसऱ्या ओळीनं हात धरले असते की नाही, मला माहीत नाही. त्यांना विचारायच्या आतच मला बाहेर काढलं. दसऱ्याला पुन्हा पंगत आहे. तिसरी ओळ वाढायची बाकी आहे.