यादीत नसलेली खिडकी

आधीच सांगून ठेवते... अंगात येणं, नजर लागणं, उतारा टाकणं, यातलं काहीही माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. मी लिनक्सवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या एका प्रणालीवर, काम करते, आणि त्या कामात एवढंच शिकले की मशीन जे करतं त्याला कुठंतरी कारण असतं. सापडलं नाही तर तुम्ही नीट शोधलं नाही. म्हणून हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले, जायकवाडी तळाला लागलेलं. आणि बायपासच्या पलीकडं मात्र इमारतींवर इमारती उठत होत्या. आम्हीही तिथंच फ्लॅट घेतलेला. नळ नाही, बोअर आटलेला, सगळी सोसायटी टँकरवर. त्या पाण्याला एक वास यायचा. जुन्या फडक्यासारखा. माझी मुलगी दहा-बारा दिवसांपासून उलट्यांनी बेजार होती आणि डॉक्टर म्हणाले होते, पाणी बदलून बघा. कुठून बदलणार?

अशात मला काम आलं ते टँकरच्याच कंपनीचं. मालक कैलासशेठ. आमच्या सोसायटीला पाणी द्यायचे तेच. त्यांना ऑफिसात सहा मोठ्या स्क्रीनची भिंत हवी होती. सोसायट्यांचे चेअरमन येतील तेव्हा दिसायला पाहिजे की गाडी कुठं आहे, आणि पाणी कुठल्या फिलिंग पॉइंटवर भरतात. फिलिंग पॉइंट चार, चारही तपासलेले बोअर, चारही ठिकाणी कॅमेरे.

माझं काम काय होतं ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक प्रोग्रॅम आपापलं चित्र तयार करतो. ती सगळी चित्रं गोळा करून कुठली खिडकी कुठं, केवढी, कुणाच्या वर, हे ठरवून स्क्रीनवर एकच चित्र उमटवणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला कंपोझिटर म्हणतात. मी बसवलेला कंपोझिटर फरशा बसवाव्यात तशा खिडक्या बसवायचा. चार असतील तर चौघींना सारखी जागा, पाचवी आली की बाकीच्या सरकून तिला जागा देणार. आणि त्याच्याकडं यादी असते — कुठली खिडकी, कुठल्या प्रोग्रॅमची, कुठून कुठवर. मालक नसलेली खिडकी असूच शकत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सहाव्या स्क्रीनवर पाच खिडक्या होत्या.

चार कॅमेऱ्यांच्या. पाचवी मी उघडलेली नव्हती. मातकट, हिरवट काहीतरी. मला वाटलं मीच कुठं चाचणीची ओळ ठेवून दिली असेल. मांडणीच्या सूचना असलेली कॉन्फिग फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. काही नाही. मग यादी काढली... यादीत चारच. पण त्या चौघींचे आकडे बघितले तर त्या सरकलेल्या होत्या. मधे बरोबर एका खिडकीएवढी जागा मोकळी सोडून. कंपोझिटरनं कुणाला तरी जागा दिली होती आणि कुणाला दिली ते त्याला माहीत नव्हतं.

कंपोझिटर बंद करून चालू केला. मशीन बंद करून चालू केलं. नेटवर्कची वायर काढली. कॅमेऱ्याच्या चारही खिडक्या काळ्या पडल्या, ती चालूच.

मग मी खुर्ची ओढून नीट बघितलं. ती विहीर होती. आतून, पाण्याच्या पातळीवरून वर बघितल्यासारखी. दगडी बांधकाम, लोखंडी पायऱ्या, त्यातली एक तुटून बांधकामाच्या तारेनं बांधलेली. सायकलच्या ट्यूबचे वेढे दिलेला जाड पाइप अगदी शेजारून खाली गेलेला. वर गोल आभाळ. चित्रावर माश्या चालत होत्या. मी स्क्रीनवर हात मारला. माश्या उडाल्या नाहीत. त्या आतल्या बाजूला होत्या.

मी खुर्ची मागं सरकवली. का, ते त्या वेळी कळलं नाही.

"ये अपना कॅमेरा नै है, मॅडम," मागून रहीमभाई म्हणाले. ते गाड्यांच्या फेऱ्या लावायचे. आधी वीस वर्षं टँकरच चालवलेला माणूस.

"मग कुणाचा?"

"वां कॅमेराच नै. लाइट भी नै वां." मग आवाज एकदम उतरवून, "ये बावडी मैं जानता हूँ."

तेवढ्यात शेठ आले. त्यांनी स्क्रीनकडं एकदा बघितलं, रहीमभाईंकडं एकदा. विहीर त्यांनी ओळखली, मला सरळ दिसलं. चेहऱ्यावर घाबरणं नव्हतं, नुसता वैताग.

"मॅडम, हे काय लावून ठेवलंय? चार वाजता चेअरमन लोक यायलेत."

"मी लावलेलं नाही. बंदही होत नाहीये."

"मग झाका की. तुम्हाला येतं ना?"

येत होतं. एक ओळ लिहून मी गाड्या दाखवणाऱ्या शहराच्या नकाशाची खिडकी मांडणीतून सुटी केली, ताणली आणि बरोबर त्या जागेवर आणून ठेवली. आज ते लिहिताना बोटं धुवून यावंसं वाटतंय. मला काय आहे ते माहीत नव्हतं, हे खरं. पण काहीतरी घाण आहे एवढं त्या माश्यांनी सांगितलं होतं, आणि मी त्यावर रंगीत नकाशा पसरला, कारण काम नीट दिसायला पाहिजे होतं.

चार वाजता पाच-सहा जण आले. शेठनी स्क्रीन दाखवल्या. "सगळं उघड्यावर आहे बघा आपलं. लपवाछपवी नाय." लोक माना डोलवत होते. लिंबाचं सरबत आलं. एका म्हाताऱ्या काकांनी दोन ग्लास घेतले. मीही घेतलं. जुन्या फडक्याचा वास...

सगळे गेल्यावर मी रहीमभाईंना बाहेर गाठलं. त्यांनी आढेवेढे घेतले. मुलगी आजारी आहे असं सांगितल्यावर म्हणाले, "पैठण रोडसे अंदर जाना. ईंटभट्टी के पीछे." बोअर कधीच आटलेत, कॅमेऱ्यांसमोर नुसत्या गाड्या उभ्या करतात, भरतात सगळं त्या विहिरीवर — हे ते खाली बघत बोलले.

"तुम्ही घरी कुठलं पाणी पिता, रहीमभाई?"

"जार का," ते म्हणाले. मला त्यांची किळस आली. मग आठवलं, नकाशा कुणी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी आणि माझा नवरा महेश स्कूटरवर गेलो. पैठण रोड सोडला की नुसती ढेकळं आणि कपाशीच्या वाळलेल्या पळाट्या. वीटभट्टीच्या मागं एक टँकर उभा होता, डिझेल पंप धडधडत होता, ड्रायव्हर सावलीत झोपलेला. विजेचा खांब कुठंच नाही. दोनशे पावलांवरूनच वास आला. मी ओढणी तोंडाला बांधली आणि कठड्यावरून वाकले.

दगडी बांधकाम. तारेनं बांधलेली पायरी. सायकलच्या ट्यूबचे वेढे. आणि त्या पाइपाला टेकून, फुगून टम्म झालेली एक रोही. नीलगाय. पाण्याच्या वासानं आली असेल आणि आत गेली असेल. पोट फुटायला आलेलं, केस जागोजागी गळून पाण्यावर पसरलेले, तोंड वर. डोळे उघडे आणि डोळ्यांवर माश्या.

पंप तिच्या पोटाखालून पाणी ओढत होता.

मी बाजूला जाऊन ओकले. सकाळचा चहा, आदल्या दिवशीचं सरबत, काय काय. तोंड धुवायला बाटली उघडली आणि बाटलीतही तेच पाणी आहे हे लक्षात आल्यावर पुन्हा ओकले. महेश खाली मान घालून नुसता "श्शी... श्शी..." करत होता.

तेवढ्यात फोन वाजला. रहीमभाई.

"मॅडम, तुम बावडी पे है क्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "वो नक्शे को सरका दी वो खिडकी ने. अभी तुम दिखे उसमें. ऊपर से झांकते हुए. मूँ को पीली ओढणी बांधे सो."

ओढणी पिवळीच होती. घरातून निघताना महेशशिवाय कुणी बघितली नव्हती. मी पुन्हा कठड्याशी गेले, इंच इंच बघितलं. कॅमेरा नाही, वायर नाही, काही चकाकत नाही. आणि स्क्रीनवर दिसलेल्या सगळ्याचा कोन मनात जुळवला — पायरी डावीकडं, पाइप अगदी शेजारी, आभाळ डोक्यावर — तर बघणारा जिथं असायला हवा, तिथं एकच गोष्ट होती.

पुढचं थोडक्यात. महेशनं फोटो काढले, सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. तासाभरात चाळीसेक बायका शेठच्या ऑफिसात. शेठ म्हणाले, "जनावरच आहे ना? काढून टाकू. ब्लीचिंग मारू. उन्हाळ्यात आणखी कुठून आणू पाणी, सांगा!" एका बाईनं घरून आणलेला पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. "प्या." शेठ प्याले नाहीत.

आम्ही सोसायटीची जमिनीखालची टाकी उपसून साफ करून घेतली. तळाच्या गाळात राठ करडे केस निघाले. मूठभर. मुलगी त्यानंतर आठवड्यात बरी झाली, आणि मी अजून माठातलं पाणी उजेडात धरून बघितल्याशिवाय पीत नाही.

रोही मात्र त्याच दिवशी दुपारी दोर लावून काढली होती. तेव्हा मी शेठच्या ऑफिसातच होते, मशीनपुढं. खिडकी हलायला लागली. दगड एक-एक करून खाली जात होते, तारेची पायरी जवळ आली, खाली गेली. मग कठडा, माणसांचे पाय... आणि मग नुसतं आभाळ, खिडकीभर. किती वेळ ते मी मोजलं नाही. त्यानंतर चारही खिडक्या आपल्या आपण सरकल्या आणि जागा भरून निघाली.

माझ्याकडं त्या दिवसाचे स्क्रीनशॉट आहेत, म्हणजे मला भास झाला असं म्हणायची सोय नाही. मशीनच्या नोंदींचे लॉग आहेत, त्यात काही नाही. हाच कंपोझिटर लिहिणाऱ्यांपैकी एक जण माझ्या ओळखीचा आहे. त्याला सगळं पाठवलं. महिन्याभरानं उत्तर आलं की आकड्यांतली मोकळी जागा खरी आहे, पण अशी जागा आपोआप पडायची वाटच प्रोग्रॅममध्ये नाही. कंपनी दुसऱ्या नावानं दुसरीकडं चालू झाली म्हणतात. रहीमभाईंनी ते काम सोडलं. मध्यंतरी शहरातल्या छावणी भागात भाजी घेताना भेटले, तेव्हा मी पुन्हा तेच विचारलं — ते काय होतं, तुम्हाला काय वाटतं?

ते भेंड्या निवडत राहिले. "उसमें समझना क्या है, मॅडम? इत्ते लोगां पी रहे थे. किसी ने तो दिखाना था."

मला तसं म्हणता येत नाही. मला कारण लागतं. ते नाही.