मोहाचा वास आणि ताठ मान

त्या चैत्रात मी दारूबंदीची पत्रकं वाटत हिंडायचो. सावली गावच्या बाजारातून परतताना वाटेवरच्या दवाखान्यापुढं एक बैलगाडी दिसली. गाडीत बांबू तोडणारा तरणा, धडधाकट गडी. बरळत होता, ओकत होता, उजेडाकडून तोंड फिरवत होता. बायको डॉक्टरला विनवत होती, "साहेब, हे पीत नाई जी! कालपासून अंग तापून राह्यलं. हात तं लावा!"

डॉक्टर पायरीवरून हलले नाहीत. "वास येऊन राह्यला न, बाई! झोपू दे, उतरंल." मग मला पाहून हसले. "या प्रचारक, तुमचंच गिऱ्हाईक आहे. तुमच्या पत्रकात असंच लिहिलंय ना?"

वास खराच होता. पण ती गाडी दारू गाळायची मोहफुलं वाहणारी. गाडीच्या बांबूच्या तट्ट्याला चिकट थर, त्यावर मुंग्या. वास गाडीला होता, माणसाच्या तोंडाला नव्हता. माझा थोरला भाऊ असाच बघता बघता गेला. हिवताप समजून त्याला कोयनेल पाजत राहिले होते. खऱ्या रोगाची लक्षणं मला मागाहून कळली, ती कायमची ध्यानात राहिली.

मी गाडीत चढलो. हनुवटी छातीकडे न्यायला गेलो, तर मान लाकडासारखी ताठ, गडी किंचाळला. तळपायांवर जांभळे ठिपके. अंगठ्यानं दाबले, फिके पडेनात.

"खाली या आणि दाबून पाहा!" मी ओरडलो. "दारूनं तळपायात रक्त साकळतं, हे कोणत्या पत्रकात आहे?"

डॉक्टर उतरले. मान पाहिली, ठिपके पाहिले, आणि हसू मावळलं. "मेंदूज्वर आहे. चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल."

"नेतो. आधी पेनिसिलिनची सुई, इथंच. वाटेत मेला तर पाणी कोणाचं तपासणार?"

"तू मला डॉक्टरकी शिकवणार?"

"हो. सुई देईपर्यंत ही गाडी दारातून हलणार नाही."

डॉक्टरांनी सुई दिली. घरातल्या बाकीच्यांसाठी सल्फाच्या गोळ्याही दिल्या. हा रोग एका खोपटात निजणाऱ्यांना धरतो. मग लाकडाच्या ट्रकनं आम्ही त्याला चांद्याला नेलं.

तो वाचला. एक कान मात्र गेला. पुढं बाजारात भेटला तेव्हा बायको म्हणाली, "भाऊ, तुमच्या कागदावर हेबी लिवा न. बरळणाऱ्याले आधी हात लावून पाहा म्हना."

मी लिहिलं: ताप, ताठ मान, दाबून न जाणारे डाग दिसले तर थांबू नका, सुई मागा. आमचे वडीलधारे कार्यकर्ते चिडले, "दारूबंदीच्या पत्रकात हे काऊन?"

मी ते सगळ्यांत वर छापलं.