इटलीहून धुळ्याला लागलेली उचकी

ठिबक सिंचनाच्या नळ्या बनवायचं नवं मशीन शिकायला मी इटलीला निघालो, तेव्हा धुळ्यात साऱ्या गल्लीसमोर फुशारकी मारली होती. म्हटलं, फोनबिन काही नाही, पोचल्याचं पत्र थेट आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरेल. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं आणि तिथला मोडेम मीच जोडला होता. दुसऱ्या घंटीला तो स्वतःच फोन घेणार होता, फक्त कोणी रिसीव्हर उचलायचा नव्हता. वडील, म्हणजे आमचे नाना, मिशीत हसले. तेवढ्यानंच मी पेटलो. आता पत्र पोचलं नाही तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

हॉटेलच्या खोलीत पाहतो तर माझ्या वायरीच्या टोकाला नखाएवढा प्लग, आणि भिंतीत तीन रुंद भोकं, इस्त्रीला शोभतील अशी. मी फोनचा प्लग काढला, दार लावून घेतलं, नेलकटरनं भिंतीवरच्या डबीचा स्क्रू फिरवला, वायर दातांनी सोलली आणि तारा पिळून जोडल्या. लाइटीच्या तारांवर आकडे टाकणाऱ्यांच्या मुलखातला माणूस मी, एवढं तर रक्तातच होतं. लॅपटॉपमधून टेलिफोनची गुणगुण ऐकू आली आणि मी भर दुपारी एकटाच गादीवर उड्या मारल्या.

नंबर लागला. धुळ्याला घंटी वाजली, पण अर्धीच. परदेशातून फोन आलाय आणि आमच्या घरात कोणी दुसऱ्या घंटीची वाट पाहील, हे मला सुचलं तरी कसं? लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून नाना बोलले, "बोल भाऊ." घरात मला भाऊच म्हणतात.

"नाना, खाली ठेवा," मी ओरडलो. पण माझा आवाज त्यांना जाणार कुठून? माझ्या लॅपटॉपातल्या मोडेमकडून तिकडे फक्त थोड्या थोड्या वेळानं एक टुं जात होतं.

"उचकी लागनी का रे तुले?" नानांनी विचारलं. टुं. "तुनी मायच आठवन काढी ऱ्हायनी सकायपाईन."

हसून हसून माझी पुरेवाट झाली. मग आई फोनवर आली. "भाऊ, पानी पी." टुं. "दम रोकीसन सात घोट पी." टुं. शेवटी मोडेमच कंटाळला आणि लाइन तुटली.

पुन्हा लावला. पुन्हा अर्धी घंटी, पुन्हा आई. "थांबनी का?" टुं. मागून गल्लीतल्या बायका साखर सुचवत होत्या, मध सुचवत होत्या. आईचा आवाज मात्र आता रडवेला झाला होता.

माझं हसू तिथंच आटलं. गेली फुशारकी खड्ड्यात, म्हटलं. वायरी उपसल्या, हॉटेलचा फोन भिंतीत खुपसला आणि नंबर फिरवला.

"थांबनी का उचकी?"

"थांबनी, माय."

"मंग बोल आते."

पत्रात दोन पानं मजकूर होता. विमान, मशीन, इथली थंडी, सगळं. त्यातलं एक अक्षर आठवेना. तोंडातून एवढंच निघालं, "तू जेवनी का?"

"आते जेवसू," आई म्हणाली.