कुरणातल्या खोलीबाहेरचे बूट

जरा जवळ सरका बघू. या ग्रुपवर सगळ्यांचे अनुभव आवडीने वाचता, पण 'मावशी, परदेशातून परत कधी आलात' असं एकीनेही विचारलं नाही... असू दे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आमच्या संत तुकाराम नगरमध्ये कोणालाही विचारा. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी थट्टा करायचे.

हे गेले आणि वर्षाच्या आत मुलाने मला इंग्लंडला नेलं. आधी तो चाकणला मोटारीच्या कंपनीत होता, आता तिकडचाच झालाय. म्हणाला, "आई, फ्लॅट विकून टाकू. एकटी काय करणार तू तिथे?" मी म्हटलं, "विक." खरं सांगते, तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. रडू नाही, भूक नाही... भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही.

एका दुपारी तो मला गावाबाहेर फिरायला घेऊन गेला. मेंढ्यांच्या कुरणात मधोमध काँक्रीटची बुटकी खोली — सहा कोनांची, वर सपाट छप्पर, भिंतींना बंदुकीपुरत्या फटी. महायुद्धात शत्रू उतरला तर अडवायला अशा खोल्या ठिकठिकाणी बांधलेल्या, म्हणाला. पाडत कोण बसणार, म्हणून राहिल्यात. तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला, तो लांब फाटकाकडे गेला. वारा फार, म्हणून मी आत शिरले. दार इतकं ठेंगणं की वाकावं लागलं, आणि वाकून आत जायचं म्हटल्यावर सवयीने पायातलं बाहेर काढलं. देऊळ थोडंच होतं ते. सुनेचे बूट, नाड्यांना दोन-दोन गाठी — माझ्या बोटांना सुटेनात, तसेच ओढून काढले.

आत काही नव्हतं. ओली माती, मेंढ्यांच्या लेंड्या, भिंतीवर शटरिंगच्या फळ्यांचे ठसे. हात टेकून उभी राहिले. पाय बधिर झाले तशी बाहेर आले.

बूट फिरवून ठेवलेले. दाराकडे टाचा, शेजारी शेजारी. गाठी सोडलेल्या, नाड्या आत खोचलेल्या.

आमच्याकडे पाहुणे उठायला लागले की हे आधी दाराशी जाऊन सगळ्यांच्या चपला-बूट अगदी असेच ठेवायचे. शेजारचे भाऊ म्हणायचे, "काका, घालवताय होय आम्हाला?" हे म्हणायचे, "छे राव, घरी वाट बघत असतील ना तुमची."

कुरणात दुसरं माणूस नव्हतं. मुलगा अजून फाटकापाशीच, पाठमोरा. आल्यावर विचारलं, "नाड्या तू सोडल्यास?"

"मी कशाला? तूच सोडल्या असशील, आई. विसरलीस."

मला भीती वाटली नाही. बरंही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. बूट घातले आणि म्हटलं, "फ्लॅट विकू नकोस. माझं तिकीट काढ."

"अगं, तिथे कोण आहे तुझं?"

"घर आहे."

उलगडा अजून झालेला नाही. मुलगा म्हणतो वय झालं, सून म्हणते कोणी मेंढपाळ असेल. असेलही. इकडे येऊन रडू आलं, असंही नाही. सकाळी हात आपोआप दोन कप चहा टाकतो, एक मी पिते, दुसरा मोरीत जातो. तेव्हा नुसतं वाचत बसू नका... या ना एखाद्या दिवशी. लवकर या.