खोबरेल लावलेली भिंत

मालिनीला स्वच्छतेचं वेडच होतं. स्टुटगार्टजवळच्या त्या भाड्याच्या घरातला एक कोपरा तिनं सोडला नव्हता. फक्त बाहेरची दक्षिणेकडची भिंत तिला सलायची, कारण तिला टेकलं की कोट पांढरा व्हायचा. भिंतीवर निळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या. घरमालकीण फ्राऊ ब्रेनर हिच्या दिवंगत नवऱ्यानं त्या स्वतःच्या हातांनी बसवलेल्या. ती बाई आली की घरात शिरण्याआधी त्या भिंतीवर तळवा टेकून क्षणभर उभी राहायची.

करार वाढवायचा की घर भाच्याला द्यायचं, हे ती रविवारी येऊन सांगणार होती. मालिनीचा जीव टांगणीला लागला होता. आधीची दोन घरं बदलताना तिच्या अन्वीनं शाळेत बोलणंच सोडलं होतं. इथे शेजारची लेना भेटली आणि पोरगी पुन्हा बोलती झाली. हे घर सुटलं तर ती पुन्हा गप्प होईल, हे मालिनीला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून शुक्रवारी तिनं ती भिंत पितळेच्या पातेल्यासारखी घासली. भांड्यांची पावडर, तारेची घासणी आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ. वाळल्यावर बघते तर निळ्यावर पांढुरके फराटे.

तिचा नवरा वासुदेव गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानं बोट फिरवलं आणि डोक्याला हात लावला.

"अगं, हा मळ नव्हता. उन्हानं प्लॅस्टिकची वरची कातडी सुटते, तिची ही भुकटी. दर वर्षी मऊ फडक्यानं, साबणाच्या पाण्यानं हलकेच धुतली असती तर साचली नसती. तू कातडीच खरवडलीस."

हे ज्ञान त्यानं आधी पाजळलं असतं तर काय बिघडलं असतं, पण नवऱ्यांना सगळं मागाहूनच सुचतं.

रडून झाल्यावर मालिनीला देवघरातला काळा दगडी गणपती आठवला. तेल लावलं की तो कसा नवा दिसतो! शनिवारी तिनं घरातलं होतं तेवढं खोबरेल भिंतीला चोळलं. भिंत लखलखली.

पण दिवस वसंताचे. रविवारी दुपारपर्यंत झाडांचा पिवळा पराग उडून त्या तेलावर थराथरानं चिकटला. फ्राऊ ब्रेनर आली आणि सवयीनं तळवा टेकला. हात चिकट, पिवळा होऊन निघाला. तिनं तो हुंगला. अन्वीनं दारातूनच जर्मनमध्ये सगळं सांगून टाकलं, आम्हाला इथेच राहायचंय म्हणून आईनं तेल लावलं म्हणाली.

बाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं रुमालानं एकेक बोट पुसलं.

"आधी मला एकदा विचारायला हवं होतंत," ती हळू आवाजात म्हणाली. "सप्टेंबरात भाचा राहायला येईल."

दुसऱ्या दिवशी मालिनी बादली, साबण आणि जुन्या सुती साडीचं फडकं घेऊन भिंत पुसत बसली. जायचंच होतं, तरी पुसत होती. अन्वी शाळेतून आली आणि शेजारी उभी राहिली.

"शाळेत काय झालं गं आज?" मालिनीनं विचारलं.

अन्वीनं नुसती मान हलवली आणि दुसरं फडकं उचललं.