झेंडे लावण्याआधी

३ मे, रविवार. सव्वासहाला जाग आली. उकाडा. उजवा गुडघा कालच्यासारखाच. जावयांनी चहा केला, साखर घालायला विसरले. कुणी बोललं नाही, सगळ्यांनी प्यायला. साडेसातला किनाऱ्यावर. लाल-पिवळे झेंडे कालच्याच जागी. शिट्टीवाल्यांची विजार कोरडी, अकरावा दिवस. समुद्र दिसायला सपाट. नऊ वाजून दहा मिनिटांनी भिंगरीला पाण्याने ओढून नेलं. नऊ सतराला परत आली.

शेवटची एक ओळ सोडली तर माझ्या वहीत त्या दिवसाचं एवढंच लिहिलेलं आहे. आता किनाऱ्यावर जो तो आपापल्या परीने ही हकिगत सांगतो, आणि शिट्टीवाले कुठे गेले असं मला विचारतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

शिट्टीवाले म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचे लाइफगार्ड. त्यांचं खरं नाव किनाऱ्याचा कारभार बघणाऱ्या कार्यालयातल्या दोघातिघांना ठाऊक असेल. बाकी सगळ्यांना ते शिट्टीवाले. एकतीस वर्षं ते त्या एका लाकडी मचाणावर बसत आले. आधी मालमोटारींवर गोणी चढवायचे. पोहायला शिकले ते दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यात. ही नोकरी घेतली कारण गणवेशाबरोबर बूट मिळणार होते. बूट मिळाले, आणि पहिल्याच दिवशी कळलं की काम अनवाणी करायचं आहे. ते बूट लेकीच्या लग्नात घालीन म्हणायचे. लेक काही लग्नाचं नाव काढत नव्हती. ती सर्फिंग शिकवते. चौथ्या वर्षी त्यांनीच तिला पाण्यावर उताणं पडून राहायला शिकवलं होतं. तिला सगळे फळीवाली म्हणतात. बोलायला तोडून, पण मनाने चांगली आहे. त्यांची बायको शाळेचे गणवेश शिवते. तिला समुद्राकडे नुसतं पाहिलं तरी मळमळतं, त्यामुळे नवऱ्याला पाण्यात उतरलेलं तिने जन्मात पाहिलेलं नाही. "घरी विचारतात, आज काय झालं," ते मला एकदा म्हणाले. "मी सांगतो, उकाडा होता."

आमचा किनारा वर्षातले सहा-सात महिने अगदी गरीब असतो. लहान मूल परातीत बसवावं तसं पाण्यात बसवावं. मग वारा फिरतो, लाटा उठतात, पोहणारे घरी जातात आणि फळ्या बगलेत मारून तरणी पोरं येतात. कार्यालयाने तारीख ठरवून दिली आहे: पंधरा मेपर्यंत पोहणं, पुढे फळ्या. समुद्र ते पत्रक वाचत नाही. मधले दोन-तीन आठवडे कुणाचेच नसतात. पाणी वरून पूर्वीसारखंच दिसतं, पण खालची वाळू हलायला लागते. काल जिथे गुडघाभर होतं तिथे एका रात्रीत चर पडतो, आणि काठाला आलेलं सगळं पाणी त्या चरातून परत धावतं. नेमकी तीच जागा वरून शांत दिसते, कारण तिथे लाट फुटत नाही. घरची माणसं पोरांना हटकून तिथेच घेऊन जातात.

म्हणून शिट्टीवाल्यांची एक रीत होती. रोज सकाळी झेंडे लावण्याआधी ते विजारीनिशी छातीइतक्या पाण्यात जायचे, डोळे मिटून उभे राहायचे आणि पायांना काय ओढतंय ते पाहायचे. असं तीन-चार ठिकाणी. मग वर येऊन दोन झेंडे रोवायचे. पोहायचं ते त्या दोन झेंड्यांच्या मधे. त्यानंतर मचाणाखालच्या खोलीत ओल्या विजारीनेच स्टुलावर बसून कार्यालयाच्या वहीत लिहायचे, "उतरून पाहिले." ते स्टूल मिठाने पांढरं पडलं होतं.

माझी त्यांची ओळख अठरा वर्षांची. नवरा गेला त्या वर्षी डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं, तेव्हापासून मी मचाणाजवळच्या बाकावर बसते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यावर शिट्टी मारली. मी नुसते पाय भिजवत होते. माझा पारा चढला. मी म्हटलं, फक्त पायच तर आहेत. ते म्हणाले, "काकू, पायांच्या वर तुम्ही आहात ना, म्हणून." तिथून आमचं बोलणं सुरू झालं. लोकांना वाटतं हा माणूस बुडणाऱ्यांना वाचवतो. ते म्हणायचे, वाचवायची वेळ आली म्हणजे सकाळचं काम चुकलं. आपलं काम माणसांना दहा पावलं डावीकडे सरकवायचं.

गेल्या वर्षी कार्यालयाने नवा नियम काढला. रोज पाण्यात उतरणं जमत नाही अशा लाइफगार्डने तसं कळवायचं, मग त्याला गावातल्या तरणतलावावर सामानाच्या खोलीत काम देतील. शिट्टीवाल्यांना निवृत्तीला दोन वर्षं होती. ती दोन वर्षं त्यांना मचाणावरच काढायची होती. तलावाचं नाव काढलं की ते म्हणत, "त्या हौदावर मी काय राखण करू? मासे?"

तेवीस एप्रिलला मी माझ्या वहीत लिहिलं आहे, "शिट्टीवाल्यांची विजार कोरडी." मला वाटलं सर्दी असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ते पाण्याच्या कडेला उभे राहायचे, कपाळावर हात धरून बघायचे, आणि आदल्या दिवशीच्याच खड्ड्यांत झेंडे रोवून वर यायचे. कार्यालयाच्या वहीत मात्र रोजच्यासारखं "उतरून पाहिले" लिहायचे. खोलीचं दार उघडं असायचं, मला बाकावरून दिसायचं. फळ्या ठेवायच्या छपराखाली लेकीशी एकदा त्यांची बोलाचाली झाली, तीही ऐकू आली. ती म्हणाली, खांदा दुखत असेल तर सांगा, सकाळी मी उतरत जाईन. ते म्हणाले, तुझी नेमणूक आहे का? विषय संपला.

मी सगळं लिहिलं आणि कुणाला बोलले नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी रोजनिशी लिहायला शिकवलं होतं: आधी वेळ, मग घटना, मत सगळ्यात शेवटी आणि तेही कुणी विचारलं तर. मला कुणी विचारलं नव्हतं.

एक मे रोजी माझी लेक, जावई आणि नात चार दिवसांसाठी आले. नात नऊ वर्षांची, एका जागी ठरत नाही, म्हणून भिंगरी. लेक नोकरीने पार पिचून आलेली. दोन दिवस ती नुसती झोपली. रविवारी किनाऱ्यावर आलो तेव्हाही ती वाळूत पंचा टाकून आडवी झाली आणि भिंगरी पाण्यात जाऊ का म्हणून तिच्या मागे लागली. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, जाऊ दे, झेंड्यांच्या मधे आहे तोवर काळजी नाही. हे मी सांगितलं. अकरा दिवस कोरडी विजार लिहून हे मी सांगितलं.

जावई पाण्याच्या बाटल्या आणायला गेले होते. भिंगरी कमरेइतक्या पाण्यात उभी होती, आणि मग ती उभी नव्हती. ओरडली नाही. ती आमच्याकडे तोंड करून हात हलवत होती आणि लहान होत चालली होती. तिला तो खेळच वाटला असावा. मी बाकावरून उठले.

शिट्टी वाजली, लांब, अशी मी आधी ऐकली नव्हती. शिट्टीवाले मचाणावरून खाली आले, बुडणाऱ्याला धरायला द्यायची तरंगती लाल नळी काखेत घेऊन धावत पाण्यात शिरले. कमरेपर्यंत गेले. तेवढ्यात त्यांच्या बाजूने फळी सरसरत गेली. फळीवाली त्यावर पालथी होती आणि दोन्ही हातांनी पाणी मारत होती.

"बाबा, तुम्ही थांबा," ती म्हणाली.

ते थांबले. कमरेइतक्या पाण्यात, लाल नळी छातीशी धरून, सगळा वेळ तसेच उभे.

फळीवाली ओढीबरोबरच आत गेली, भिंगरीला फळीवर ओढून घेतलं, मग सरळ परत न येता आडवी लांबवर गेली आणि लाटांबरोबर बाहेर आली. भिंगरीने वाळूवर पाय ठेवल्यावर पहिलं काय विचारलं, तर परत एकदा जायचं का. फळीवाली म्हणाली, "तुझ्या आजीला विचार," आणि माझ्याकडे न बघता फळी उचलून निघून गेली. आजूबाजूच्या चार कुटुंबांनी टाळ्या वाजवल्या. माझी लेक रडत रडत शिट्टीवाल्यांकडे गेली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तुम्ही वेळेवर शिट्टी मारलीत म्हणून. ते तिच्या हातातल्या आपल्या हातांकडे बघत राहिले. जावई बाटल्या घेऊन आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांनी विचारलं, थंड नव्हत्या, साध्या चालतील ना?

थोड्या वेळाने शिट्टीवाले माझ्या बाकावर येऊन बसले. अठरा वर्षांत ते या बाकावर कधी बसले नव्हते.

"तुम्ही वहीत लिहिणार, काकू."

लिहिणारच, मी म्हटलं.

"झेंडे कुठे होते तेही?"

"कालच्याच जागी."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, चर रात्रीच पडला असणार, एक पाय टेकवला असता तरी कळलं असतं. मी सांगितलं की अकरा दिवस झाले, माझ्याकडे लिहिलेलं आहे. ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, मग बोलला का नाहीत? मी म्हटलं, वाटलं खांदा दुखत असेल.

"खांदा दुखतो," ते म्हणाले. "पण खांद्यामुळे नाही. लेकीलाही तेच वाटतंय. कंटाळा आला, काकू. एकतीस वर्षं रोज सकाळी तेच गार पाणी. एक दिवस म्हटलं, आज नको. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही."

हा कंटाळा मला चांगला माहीत आहे. नवरा गेल्यावर दोन वर्षं मी वेणी घातली नव्हती, नुसती गाठ मारायचे. आणि खरंच, काही झालं नाही. पण ते त्यांना सांगितलं नाही. त्याऐवजी म्हटलं, कुणाला कळलेलं नाही. हे मी का बोलले ते अजून नीट सांगता येत नाही. त्यांची दोन वर्षं वाचावीत असं वाटलं असेल, किंवा माझं गप्प राहणं झाकावं असं.

"माझ्या पोरीला कळलंय," ते म्हणाले. "आता ती रोज माझी विजार बघणार. आधी विजार, मग तोंड."

ते उठले आणि खोलीत गेले. मीही दारापर्यंत गेले. त्यांनी वही उघडली आणि तेवीस एप्रिलपासून एकेक ओळ खोडायला घेतली. प्रत्येक ओळीपुढे लिहिलं, "उतरलो नाही," आणि सही केली. हात ओला होता, कागद फाटत होता. अकरा सह्या करायला पुष्कळ वेळ लागला. मधे एकदा थांबून म्हणाले, बूट एकदा तरी घालून बघायला हवे होते. मग कार्यालयाला फोन केला. पलीकडून कुणीतरी बराच वेळ बोललं. हे फक्त "हो" म्हणत होते, आणि शेवटी, "नाही साहेब, खांदा बिंदा नाही."

बाहेर येऊन त्यांनी दोन्ही झेंडे उपटले आणि पोहायला बंदीचा लाल झेंडा वर चढवला, तारखेच्या बारा दिवस आधी. लोक वैतागले. एक गृहस्थ तीन पोरं घेऊन लांबून आलेले होते. ते मचाणाखाली येऊन म्हणाले की समुद्र तर ताटासारखा पडलाय, झोपेत आहात का? शिट्टीवाले म्हणाले, होतो. आणि शिट्टी मारून त्यांनी एकेकाला पाण्याबाहेर काढलं. दुपारपर्यंत किनाऱ्यावर ओले पंचे आणि कुरकुर एवढंच उरलं.

मंगळवारी त्यांना कार्यालयात बोलावलं. नोकरी गेली नाही. शाबासकीही मिळाली नाही. तलावावर सामानाच्या खोलीत पाठवलं. तिथे ते दोर सांधतात, नळ्यांत हवा भरतात आणि सगळ्या किनाऱ्यांचे झेंडे धुतात. मचाणावर आता एक तरुण आहे. तो सकाळी नियमाने पाण्यात उतरतो. फळीवाली काठावर उभी राहून बघत असते, त्यामुळे त्याला दुसरा इलाजही नाही. शिट्टीवाले सुट्टीच्या दिवशीही किनाऱ्यावर फिरकलेले नाहीत. एकदा बसथांब्यावर भेटले. तलाव कसा आहे विचारलं, तर म्हणाले, "पाणी हलतच नाही, काकू. बघायचं काय?" मी कंटाळ्याचं विचारलं. म्हणाले, झोप चांगली लागते. त्यांची बस आली. चढताना त्यांनी डाव्या हाताने दांडा धरला, उजवा हात वर नेलाच नाही. म्हणजे खांदाही खरा होता.

मी आता बोलते. नवा मुलगा झेंडा जरा तिरका रोवतो, तेही सांगते. त्याला मी खडूस म्हातारी वाटत असेन. तरी रोज घरी येऊन लिहिते, आणि लिहिताना पूर्वीसारखं समाधान वाटत नाही.

त्या रविवारी घरी आल्यावर लेकीला मी सगळं सांगितलं, कोरड्या विजारीचं, आणि मला माहीत होतं तेही. ती म्हणाली, "आई, आज नको. आज मला रागवायची ताकद नाही," आणि आत जाऊन पडली. जावयांनी साध्या पाण्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये लावल्या. संध्याकाळी मी भिंगरीला घेऊन न्हाणीघरात गेले. नंतर वहीत त्या दिवसाची शेवटची ओळ लिहिली ती अशी:

सात वाजता भिंगरीचे केस धुतले. वाळू निघेपर्यंत तीन बादल्या पाणी लागलं.