बैल बसेल तिथं

छबुबाईनं बत्तीस गळीत हंगाम केले. म्हणजे बत्तीस हिवाळे ती कोपीत झोपली. कोपी म्हणजे चार बांबू, वर उसाचं वाळलेलं पाचट आणि आत गुडघे मुडपून मावेल एवढा संसार. दसरा झाला की ऊसतोडीची टोळी बालाघाटाच्या डोंगरातली आमची धारवाडी सोडते, ती उन्हाळ्यातच परतते. किती मुलूख पाहिला असं विचारलं तर छबुबाई गावांची नावं घेत नाही. कुठली जमीन पहाटे गार पडते, कुठल्या माळावर उंदीर फार, कुठल्या ओढ्याचं पाणी चहाला गोड, ते सांगते.

म्हणून शहादेवाला ती आठवली. शहादेव तिच्या धाकट्या दिराचा मुलगा, पुण्यात सहा वर्षं हॉटेलात राबून आलेला. शहरातली माणसं हौसेनं तंबूत राहायला डोंगरात येतात, आपणही इथं तंबू लावू, असं त्यानं सांगितलं तेव्हा पारावरचे लोक हसले. छबुबाई हसली नाही.

"त्यांला घरं न्हाईत का?"

"हायेत की, काकू. लई मोठी हायेत."

"मग कावून?"

तो प्रश्न बाईच्या मनात कुसळासारखा रुतून राहिला.

ठरलं असं: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिले पाहुणे येणार. ते रमले आणि त्यांनी आणखी माणसं धाडली, तर छबुबाईनं इथंच राहायचं, तंबूंची राखण आणि स्वयंपाक बघायचा. नाही रमले तर चौथ्या दिवशी टोळीचा ट्रॅक्टर फाट्यावर उभा राहणारच होता. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढायला तिचे गुडघे आता नको म्हणत. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण चढता चढता ती मधेच थांबते, हे टोळीतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

जागा तीन होत्या. तलावाकाठची सपाटी, कड्यावरचा उघडा माळ, आणि टेकडीच्या पोटाला, खाली दरी दिसणारा, करवंदीच्या जाळ्यांआडचा सपाट तुकडा. छबुबाईनं तिन्हीकडं तांब्याभर पाणी ओतलं आणि ते किती वेळात मुरतं ते बघत बसली. मग टोळीत करतात तसं केलं. चरून आलेला बैल मोकळा सोडला. बैल ओलीत बसत नाही, वाऱ्यात बसत नाही. तो आपणहून जिथं बैठक मारील तिथं टोळी कोप्या घालते. तलावाकाठी बैल उभाच राहिला. माळावर त्यानं शेपटी झाडली आणि चालू लागला. करवंदीआड मात्र पुढचे गुडघे टेकले, सुस्कारा टाकला आणि रवंथ करू लागला.

सामान आणायला शहादेव नांदूरघाटला गेला, तोवर तिनं सहाही तंबू उभे करून घेतले. परत आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. तंबू गोलात, एकमेकांना खेटून, सगळी दारं आत. दरीकडं सहाच्या सहा पाठी.

"काकू, लोकं दरी बघाय येत्यात. तू त्यांला एकमेकांची तोंडं बघाय बसवलंस."

बदलायला वेळ नव्हता. खाली पाहुण्यांची गाडी वाजली.

गाडी कसली, चालतं घरच होतं. आत पलंग, शेगडी, नळ. छबुबाईनं भोवती एक फेरी मारली, विचारून आत डोकावली आणि म्हणाली की कोपीला चाकं आली म्हणायची. गाडीची मालकीण यशोधरा, नाशिकच्या कॉलेजातून निवृत्त झालेली, सोबत दोन मैत्रिणी; इथं तिघी तंबूतच झोपणार होत्या. मुक्कामाच्या प्रत्येक जागेला ती वहीत गुण देते: पाणी, वारा, संडास, शांतता. तंबू बघून तिनं हळूच विचारलं, जरा लांब लांब आणि दरीकडं तोंड करून लावता येतील का. छबुबाईनं स्वतः खुंट्या उपटल्या.

चहाला दोघी बसल्या. यशोधरानं आपल्या जागा सांगितल्या, छबुबाईनं आपल्या बत्तीस. संडासाला छबुबाईनं बत्तिसांनाही भोपळा दिला. मग मनातलं कुसळ काढलं: घर असताना इथं कावून येता? यशोधरा म्हणाली, घरी भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. कुणाचाच आवाज येणार नाही अशी जागा ती शोधत फिरते.

असंही कुणाला हवं असतं, हे छबुबाईला नवं होतं.

"आणि तुमची सगळ्यात चांगली जागा कोणती, मावशी?"

"कर्नाटकात येका साली आमची कोपी कडंला होती, येकटी. मला ताप भरला. मालक बैलगाडी घेऊन कारखान्याच्या रांगेत अडकलते. दोन दिस कुणाला कळलं न्हाई. दुसऱ्या साली म्या दारापुढं शेजारणीचं दार घेतलं. तीच जागा चांगली, ताई. तिला माझा खोकला ऐकू यायचा."

यशोधरानं पेन खाली ठेवलं. वहीत काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. पण दोन रात्रींचा मुक्काम तिनं तीन रात्रींचा केला, आणि निघताना शहादेवाला सांगितलं की पुढच्या शनिवारी तिच्या मंडळातली आठ माणसं येतील.

"दोन तंबू दरीकडं लावा. चौघीजणी सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांचे चार मावशींनी पहिल्यांदा लावले होते तसे लावा."

त्या तुकड्यावर दोन्ही मावणार नव्हतं, गोलासाठी दुसरी जागा लागणार होती. त्याच सकाळी फाट्यावर ट्रॅक्टर आला. मुकादम आप्पानं दोनदा भोंगा वाजवला, मग स्वतः टेकडी चढून आला. छबुबाई करवंदीपलीकडं कंबरेवर हात ठेवून उभी होती, आणि समोर बैल हिंडत होता.

"चला की छबुबाई, समदी बसली."

तिनं मान वळवली नाही. म्हणाली, "बैल अजून बसला न्हाई, आप्पा. तुमी निघा."